फवारणीतील विषबाधा वेळीच ओळखा

पोळा सरला की यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीचा हंगाम भरात येतो. पात्या, फुले आणि कोवळी बोंडे यांवर तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि गुलाबी बोंडअळी यांचा उपद्रव याच सुमारास वाढतो आणि पाठीवर पंप घेतलेला मजूर सकाळपासून सायंकाळपर्यंत एका शेतातून दुसऱ्या शेतात जात असतो. पीक वाचविण्याच्या या घाईत फवारणी करणाऱ्या माणसाच्या जिवाची हेळसांड होऊ नये, या हेतूने पुढील माहिती शेतकरी बंधूंसाठी आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी दिली आहे.

सन २०१७ चा हंगाम या जिल्ह्याला विसरता येणार नाही. त्या वर्षी जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक आजारी पडू लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागली. शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले आणि वीसहून अधिक जण दगावले. काहींची दृष्टी अधू झाली. ऑक्टोबर महिन्यात अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि पुढे काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली.

या रुग्णांपैकी बहुतेकांनी विष प्राशन केले नव्हते, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. त्यांच्या अंगात विष शिरले ते त्वचेतून आणि श्वासातून, काम करता करता. त्या साली कपाशी चांगली माजली होती. कित्येक शेतांत ती पुरुषभर उंच झाली होती व ओळींमध्ये दाटी होती. अशा पिकात शिरून नळी खांद्याच्या वर धरून फवारा मारला की त्याचे तुषार परत तोंडावर आणि छातीवर येतात. बॅटरीवर चालणाऱ्या पंपांमुळे दिवसाकाठी पूर्वीपेक्षा अधिक टाक्या मारणे शक्य झाले होते. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन कीटकनाशके एकाच टाकीत मिसळली जात होती. मजुरी टाकीच्या हिशेबाने ठरलेली असली म्हणजे मध्ये थांबून हातपाय धुण्यास कोणाला सवड असते? ही कारणे एकत्र आली आणि त्यांचा भार सर्वांत अधिक पडला तो स्वतःचे शेत नसलेल्या मजुरावर. ती कारणे आजही पुरती नाहीशी झालेली नाहीत, म्हणून हा विषय दरवर्षी नव्याने सांगावा लागतो.

आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. ‘आज औषध मारायचे आहे’, ‘त्याला औषध लागले’ असे आपण सहज बोलतो. हा शब्द बदलणे कोणाच्या हाती नाही. तथापि, त्यामुळे या पदार्थाचे भय मनातून कमी होते असे मला वाटते. औषध हाताला लागले तर काय बिघडते, असा विचार मग आपोआप येतो. वास्तविक, डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहिला म्हणजे आत काय आहे हे निरक्षर मनुष्यालाही समजू शकते. लाल त्रिकोण हा अत्यंत विषारी पदार्थाचा. त्याखालोखाल पिवळा, नंतर निळा आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. लाल त्रिकोणात कवटी आणि हाडांचे चित्रही असते. हा त्रिकोण उगाच आलेला नाही. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेल्या गव्हाच्या पिठाने शंभराहून अधिक माणसे मेली. त्या घटनेनंतर चौकशी झाली व १९६८ मध्ये देशात कीटकनाशक कायदा झाला. डब्यावर विषाची खूण, विषबाधेची लक्षणे आणि उतारा छापणे त्या कायद्याखालील नियमांनी बंधनकारक आहे.

विष अंगात कसे शिरते

पिकावर मारावयाच्या विषाला अंगात जाण्यास तीन वाटा आहेत : त्वचा, श्वास आणि तोंड. यांपैकी त्वचेची वाट सर्वांत दुर्लक्षित आहे. हाताच्या पंजापेक्षा कपाळ, कानामागील जागा, काख आणि विशेषतः जांघ व गुह्यांगाची त्वचा कित्येक पटींनी अधिक विष शोषून घेते. गळका पंप पाठीवर असला म्हणजे द्रावण कमरेवरून नेमके तिकडेच ओघळते. ओल्या कपाशीतून चालताना धोतर किंवा पँट मांडीपर्यंत भिजते, ते निराळेच. घामाने ओली झालेली त्वचा विष लवकर घेते. नाकावर बांधलेला दुपट्टा वाफ अडवीत नाही. उलट तो भिजला की विषाने भरलेले फडके नाकाशी धरल्यासारखे होते. तोंडाची वाट तर आपण स्वतः उघडून देतो. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकणे, त्याच हाताने खर्रा चोळणे, बांधावर बसून भाकर खाणे या सवयी गावोगाव दिसतात. खर्ऱ्याविषयी मी शेतकऱ्यांशी वाद घालीत बसत नाही. फवारणीच्या दिवशी मात्र खर्ऱ्याची पुडी घरीच ठेवावी, एवढा आग्रह अवश्य धरतो.

सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके, उदाहरणार्थ प्रोफेनोफॉस, ॲसिफेट किंवा मोनोक्रोटोफॉस, शरीरात काय करतात ते थोडक्यात पाहू. मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना जो निरोप जातो, तो एका रसायनामार्फत जातो. निरोप पोहोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर त्या रसायनाचा निकाल लावते. हे विष त्या विकरालाच निकामी करते. पाण्याची पाळी संपल्यावर पाटाचे दार बंद करणारा माणूसच नाहीसा झाला तर पाणी जसे वाट फुटेल तिकडे वाहील, तसे मग निरोप अखंड सुरू राहतात. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येते, घाम फुटतो, पोट ढवळते, फुप्फुसात पाणी साचू लागते आणि स्नायू फडफडून शेवटी थकून जातात. या विकराची तूट भरून येण्यास काही आठवडे लागतात. त्यामुळे सतत आठ दिवस फवारणी केलेला मनुष्य नवव्या दिवशी नेहमीच्याच कामाने आडवा होऊ शकतो. काल सोसले म्हणून आज सोसेल असे मुळीच नाही.

लक्षणे

विषबाधेची सुरुवात बहुधा साध्या गोष्टींनी होते. डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात, घाम नेहमीपेक्षा अधिक येतो, हातापायांतील शक्ती गेल्यासारखी वाटते, समोरचे अंधुक दिसते. ही लक्षणे काम चालू असताना दिसोत वा घरी परतल्यावर रात्री, ती ज्या दिवशी फवारणी झाली त्या दिवशी दिसली तर दुसरे कारण शोधीत बसू नये. पुढची पायरी म्हणजे उलट्या, पोटात मुरडा, जुलाब, तोंडाला सारखी लाळ, छातीत घरघर आणि पापण्या, ओठ किंवा दंड यांच्या स्नायूंचे फडफडणे. डोळ्याची बाहुली आकसून टाचणीच्या टोकाएवढी होते. त्याहीपुढे बोलणे अडखळते, भान हरपते, झटके येतात आणि श्वास बंद पडू लागतो.

ही लक्षणे पाहून घरची माणसे तीन चुकीचे अंदाज करतात. पहिला, ऊन लागले. आश्विनातील उकाडा तीव्र असतो, त्यामुळे हा अंदाज सहज पटतो; परंतु उष्माघातात अंग तापलेले असते आणि तोंड कोरडे असते, तर या विषबाधेत तोंडाला लाळ आणि डोळ्यांना पाणी असते. दुसरा अंदाज, दारू प्याला असेल. झोकांड्या जाणारा, असंबद्ध बोलणारा मजूर पाहून लोक तसे म्हणतात आणि त्याला तसाच पडू देतात. हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यात मोलाचा वेळ वाया जातो. तिसरा अंदाज सर्वांत घातक : थकवा आहे, झोपला की सकाळी बरे वाटेल. विषाने भिजलेले कपडे अंगावर तसेच असताना मनुष्य झोपला तर त्वचेतून विष रात्रभर आत जात राहते, आणि घरातील माणसे झोपेत असताना त्याचा श्वास मंदावतो.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. बाहुली लहान झालेली नाही म्हणून विषबाधा नाही, असे समजू नये. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील सायपरमेथ्रिनसारख्या कीटकनाशकाने चेहऱ्यावर झिणझिण्या व आग होते. डायफेन्थ्युरॉन, इमिडाक्लोप्रिड किंवा फिप्रोनिल यांची बाधा निराळी असते आणि त्यांना विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. त्यांत लक्षणांप्रमाणे उपचार करावा लागतो. टाकीत दोन-तीन द्रावणे एकत्र असतील तर लक्षणांचाही गोंधळ होतो. विष कोणते, हे ठरविणे डॉक्टरांचे काम होय. आपले काम आजारी माणसाला त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचविणे, एवढेच.

पहिला अर्धा तास

लक्षण दिसताच फवारणी थांबवावी. उरलेली टाकी संपवून मग पाहू, असे म्हणू नये. रोग्याला फवारलेल्या शेतातून बाहेर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, सावलीत न्यावे. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवावी आणि ती येईपर्यंत पुढील काम करावे. अंगावरील सर्व कपडे, चपला, करदोडा आणि गंडेदोरेसुद्धा काढावेत. लाज वाटण्याचा हा प्रसंग नव्हे. नंतर साबण लावून भरपूर पाण्याने डोक्यापासून पायापर्यंत धुवावे. केस, कानामागची जागा, काखा, जांघा आणि नखे विसरू नयेत. अंग जोराने घासू नये, कारण खरचटलेली त्वचा अधिक विष घेते. डोळ्यात द्रावण गेले असल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. धुणाऱ्याने आपल्या हातांवर हातमोजे किंवा निदान प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात. अंग धुऊन झाले की कोरडे कपडे घालून कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. अंग धुण्याच्या आधीच रुग्णवाहिका आली तर निदान कपडे काढावेत व रोग्याला लगेच पाठवावे.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दूध, तूप, लिंबाचे पाणी, चिंचेचे पाणी, कांद्याचा रस, यांपैकी काहीही पाजू नये. यांनी विष उतरत नाही आणि अर्धवट शुद्धीतील माणसाच्या छातीत ते उतरण्याची भीती असते. विष पोटात गेले असले तरी मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. पुष्कळशा कीटकनाशकांत रॉकेलसारखे द्रावक असते व उलटीबरोबर ते फुप्फुसात गेले तर दुहेरी संकट ओढवते. विड्या ओढणे तर पूर्ण वर्ज्य. मंत्र टाकणाऱ्याकडे किंवा गावातील नुसती सलाईन लावणाऱ्याकडे रोग्याला थांबवून ठेवू नये.

रोग्याबरोबर एक वस्तू न चुकता न्यावी, ती म्हणजे कीटकनाशकाचा डबा, निदान त्याचे लेबल आणि आतील माहितीपत्रक. टाकीत जे जे मिसळले त्या सर्वांचे डबे न्यावेत. डबा सांडता असेल तर मोबाईलवर लेबलाचे छायाचित्र घ्यावे. ज्या घरी मजूर फवारणीस गेला होता त्या शेतमालकाने ही माहिती लपवू नये. मजुराला आपण काय फवारतो आहोत हे पुष्कळदा ठाऊकच नसते. फवारणी किती वाजता सुरू केली, किती दिवसांपासून चालू आहे, पहिले लक्षण केव्हा दिसले, हे सांगता येईल असा एक मनुष्य बरोबर असावा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क दूरध्वनी १८०० ११६ ११७ हा आहे. तेथून डॉक्टरांनाही सल्ला मिळू शकतो.

कोठे न्यावे? जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय हे पहिले ठिकाण. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर ॲट्रोपीन हे मुख्य इंजेक्शन आहे आणि त्याची सुरुवात जितकी लवकर होईल तितके बरे. तेथून मोठ्या रुग्णालयात पाठविण्याची चिठ्ठी मिळाली तर वेळ दवडू नये. मात्र जिल्हा मोठा आहे. झरी जामणी किंवा उमरखेड भागातील गावापासून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या आसपास पडते. वणीकरांना चंद्रपूर व उमरखेडकरांना नांदेड जवळ आहे आणि दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या गावाहून कोठे लवकर पोहोचता येते, याचा विचार हंगामापूर्वीच करून ठेवावा.

रुग्णालयात गेल्यावर नातेवाइकांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. ॲट्रोपीन दिल्यावर रोग्याचे तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, बाहुल्या मोठ्या होतात आणि तो कधी कधी बडबडतो, हातपाय झाडतो. हे पाहून वेड लागले असे समजून घाबरू नये. तो इंजेक्शनचा परिणाम असू शकतो व डॉक्टर मात्रा कमी-अधिक करतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रोगी शुद्धीवर येतो, बोलतो, चहा मागतो आणि मग घरी कपाशी वाट पाहत असल्यामुळे लोक त्याला हट्टाने घरी नेतात. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या अवधीत मान उचलता न येणे, खांदे व मांड्या लुळ्या पडणे आणि त्यापाठोपाठ श्वासाचे स्नायू थकणे असा दुसरा फेरा येऊ शकतो. त्या वेळी कृत्रिम श्वास देणारे यंत्र जवळ असावे लागते. म्हणून डॉक्टर सांगेपर्यंत रुग्णालय सोडू नये. घरी आल्यावरही काही आठवडे फवारणीच्या कामास हात लावू नये आणि पायांना मुंग्या किंवा अशक्तपणा वाटल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी.

पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने काही कुटुंबे ताप आला होता असे सांगतात. तसे करू नये. विषबाधेची नोंद पोलिसांकडे होते हे खरे, पण ती नियमाची बाब आहे. विष फवारताना लागले की पोटात गेले, हे डॉक्टरांना खरे सांगितले पाहिजे, कारण त्यावरून उपचाराची दिशा ठरते. मनस्तापाच्या भरात कोणी विष घेतले असले तरी लपविण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला गुन्हेगार न मानता तिची काळजी घेण्याचे धोरण स्वीकारले आहे.

घरातील बाटल्यांविषयीही बोलले पाहिजे. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेतील माध्यान्ह भोजनाने २३ बालके दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस आढळले. केंद्र शासनाने २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढला, तरी जुना डबा घरातील माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्यावर पडलेला असू शकतो. तो शोधावा. रिकाम्या डब्यात तेल, पाणी, दूध काहीही भरू नये. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीत ओतावे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. ट्रॅक्टर असलेल्या घरात आणखी एक विष असते व त्याची कोणाला शंकाही येत नाही. रेडिएटरमध्ये घालतात त्या हिरव्या किंवा लाल कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड असते, म्हणून मूल ते पिते, कुत्रे आणि वासरू चाटते. प्रथम दारूसारखी नशा येते, मग उलट्या होतात, श्वास जोराचा होतो आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडून लघवी थांबते. त्यावर उतारा आहे आणि डायलिसिसचा उपयोग होतो, पण दोन्ही मोठ्या रुग्णालयात. म्हणून मूल बरे दिसत असले तरी बाटलीसह तत्काळ न्यावे. याच जातीच्या डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले होते. थंड पेयाच्या बाटलीत कूलंट किंवा कीटकनाशक ओतून ठेवण्याची पद्धत आपल्या गावातून अजिबात बंद व्हावी.

संरक्षक साधनांबाबत लोक म्हणतात की प्लॅस्टिकचा पोशाख घालून भादव्याच्या उकाड्यात काम होत नाही. ही तक्रार खोटी नाही. तेव्हा निदान पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, लांब पँट, तिच्यावर पाठ व कंबर झाकणारा प्लॅस्टिकचा तुकडा, रबरी हातमोजे, बूट, टोपी आणि चष्मा एवढे तरी असावेच. नाकासाठी वाफ अडविणारा मुखवटा मिळाला तर उत्तम. फवारणी सकाळी लवकर, वाऱ्याकडे पाठ करून करावी. खांद्यापेक्षा उंच झालेल्या कपाशीत पाठीवरचा पंप घेऊन शिरूच नये. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत. ड्रममधील द्रावण हाताने ढवळू नये, काठीने ढवळावे. पाणी आणून देणाऱ्या व द्रावण तयार करणाऱ्या स्त्रिया आणि ते कपडे धुणाऱ्या गृहिणी यांनाही हेच विष लागते, हे आपण सहसा मोजत नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत आणि धुताना हातमोजे वापरावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामाच्या आरंभी एक बैठक घ्यावी आणि तीत शेतमालकांबरोबर फवारणी करणारे मजूरही येतील असे पाहावे. त्यांच्यावाचून अशी बैठक निरर्थक आहे. रात्री-अपरात्री कोणाची गाडी निघू शकते, आरोग्य केंद्रात ॲट्रोपीनचा साठा आहे काय, गावात फवारणीवर रोज कोण कोण जाते, याची टिपणे आशा कार्यकर्ती आणि पोलीस पाटील यांच्याकडे असावीत. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेल्या विषबाधेचाही अंतर्भाव आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण ती योजना वहितीधारक खातेदार व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यापुरती आहे. भूमिहीन मजूर तीत बसत नाही. त्याच्या बाबतीत शेतमालकाने उपचाराचा खर्च उचलण्याचे आणि त्याने गमावलेल्या मजुरीचे काय, हे ठराव करून गावाने आधीच ठरवून घेतलेले बरे. दाव्यासाठी म्हणा की उपचारासाठी, कीटकनाशकाची पावती, डब्याचे लेबल आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवावेत, आणि पावती न देणाऱ्या दुकानातून माल घेऊ नये.